गाण्यातली नावाची जागा

हॅपी बर्थडेचं गाणं मला पाठ आहे. चारच ओळी, त्यातल्या तीन सारख्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला यायला काहीच हरकत नाही. पण तिसऱ्या ओळीत नावाची जागा येते. नातीच्या वाढदिवसाला मी ती जागा मोकळ्या गळ्यानं म्हणते, मुलाच्याही. आमच्या ह्यांच्या वाढदिवसाला मात्र तिथं माझे ओठ मिटतात. बाकीचे टाळ्या वाजवत पुढं जातात आणि मी शेवटच्या ओळीला त्यांना गाठते. खड्डा आला की सायकलवरून उतरायचं, खड्डा सरला की परत बसायचं, तसं.

हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या जागी आमच्या घरात कुणाचंच जमत नाही. मुलगा आणि सून ‘पप्पा’ म्हणतात, नात ‘आबा’ म्हणते, शिरूरहून नणंद आलेली असली तर ती ‘दादा’ म्हणते. तिन्ही शब्द एकमेकांवर आदळतात, ओळ विसकटते, सगळे हसतात आणि केक कापला जातो. मोठ्या माणसाचं नाव त्याच्या तोंडावर कोण घेणार? ते गाणं ज्यांनी केलं त्यांच्याकडं घेत असतील.

हे कुरकुंभच्या एका कंपनीत फिटर होते. तिन्ही पाळ्या केल्या. आमचं घर कासुर्डीला, हायवेपासून आत, शेताच्या कडेला. कंपनीची बस हायवेवर यायची आणि हे डबा घेऊन बांधावरून चालत जायचे. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते रिटायर झाले. कागदावर त्यांचा वाढदिवस एक जून. आमच्याकडं निम्म्या गावाचा एक जूनच असतो. शाळेत घालताना तारीख कुणाला ठाऊक नसायची, मास्तर तीच टाकायचे. तर कंपनीनं निरोप आणि वाढदिवस एकदमच उरकायचं ठरवलं, आणि मलाही बोलावलं.

कॅन्टीनमध्ये मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी पदर सावरत, जमिनीकडं बघत बसले. खूप पोरं जमली होती, इकडची, बिहारची, यूपीची. एकजण माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “मामीजी, अब मामाजी को आराम करने देना, हाँ.” मी नुसती मान हलवली. केक आला. त्यावर क्रीमनं ‘मामा’ लिहिलं होतं. पोरांनी गाणं सुरू केलं. एवढी गडी माणसं एकदम म्हणायला लागल्यावर पत्रे दणाणले. आणि मग ती जागा आली. कुणी ‘मामा’ म्हणालं, कुणी ‘मामाजी’, कुणी ‘फिटर साहेब’. मागं एकजण दुसऱ्याला विचारत होता, “अरे, नाम क्या है इनका?” त्याला उत्तर मिळेपर्यंत गाणं संपलं होतं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. सुरी हातात होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. पण ते हसू फोटोवाल्यानं थांबा म्हटल्यावर धरून ठेवतात तसं होतं.

कंपनीच्या गाडीनं आम्हाला घरी सोडलं. मांडीवर शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. यवत यायच्या आधी हे म्हणाले, “माणसं चांगली हायत.”

“व्हय,” मी म्हटलं.

“एवढा जीव लावला पोरांनी. पर नाव कुणालाच ठावं न्हाई.” मग खिडकीकडं बघत, “आई गेली तवापासनं नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई बघ.”

एवढंच बोलले. ड्रायव्हरनं गाणी लावली होती, तीही त्यानं बंद केली नव्हती. पण त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

सासूबाई ह्यांना बांधावरून हाक मारायच्या. लिंबाखाली उभं राहून, कमरेवर एक हात ठेवून, नावाचं शेवटचं अक्षर लांबवून. पलीकडच्या वावरातली माणसंसुद्धा वर बघायची. आणि हे जिथं असतील तिथून ‘ओ’ द्यायचे. लग्न होऊन, पोरगा होऊन, केस पिकल्यावरही तीच हाक, तोच ओ. त्या जाऊन दोन पावसाळे झाले. ह्यांच्याहून थोरलं आता भावकीत कुणी नाही. गावात हे आप्पा, कंपनीत मामा, घरात पप्पा आणि आबा. आणि मी? मी ‘अहो’. तीही हाकच आहे, पण ती प्रत्येक घरातून येते. रस्त्यानं चार जण चालले असतील आणि मी ‘अहो’ म्हटलं तर चौघंही वळतील.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. आता कोण मानतं? माझी सून माझ्या मुलाला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते, आणि पोरगा धडधाकट आहे. हे मला डोळ्यांनी दिसतं. पण डोळ्यांना दिसतं ते जिभेपर्यंत उतरत नाही. त्यात ह्यांना बीपीची गोळी चालू.

जूनमध्ये मुलगा म्हणाला, “पप्पा, कंपनीतलं झालं, आता घरचा वाढदिवस करू. साठी आहे.”

हे म्हणाले, “एक जून मास्तरचा वाढदिवस, माझा न्हाई. आई सांगायची, बाजरीची कणसं खुडत होते तवा झाला म्हणून. करायचा तर बाजरी निघंल तवा करा.”

म्हणजे मला सगळा पावसाळा मिळाला. तो मला मिळाला नसता तर बरं झालं असतं. उद्यावर आलेलं काम माणूस डोळे मिटून करून टाकतो. चार महिने पुढं असलेलं काम रोज ताटात येऊन बसतं.

कारण तोवर माझ्या मनानं घेतलं होतं, की ह्या वाढदिवसाला ह्यांचं नाव त्यांच्या कानावर पडलं पाहिजे. आणि ते घेण्यासारखं घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा बापाचं नाव घेऊन बापाला हाक मारणार नाही, मारू पण नये. उरले मी.

तसं नाव घ्यायचा एक रस्ता आम्हा बायकांना असतो. उखाण्यात घेतलेलं चालतं. पण उखाण्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती. माझं माहेर भीमेकाठी, वडगाव रासाईला. लग्नाआधी आत्यानं मला उखाणा शिकवला होता, धुणं धुताना, पाणी भरताना घोकून घेतला होता.

‘भीमा ओलांडली, माहेर राहिलं मागं,
अमुकरावांचं नाव घेते, सासर होऊ द्या जागं.’

कासुर्डीच्या उंबऱ्यावर नणंदेनं दार अडवलं. पहिली ओळ मी म्हटली. दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, “मुकी दिली का काय गं बया!” दुसरी म्हणाली, “नाव इसरली, दुसऱ्याचंच घ्यायची!” माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, “व्हा बाजूला. पोर लाजाळू हाय. तिच्या वाटचं नाव मी घेते.” आणि त्यांनी स्वतःच्या लेकाचं नाव मोठ्यांदा घेतलं, माझा हात धरला आणि मला आत ओढलं. 

त्यानंतर कधी मी उखाण्याच्या वाटेला गेले नाही. हळदीकुंकू असो की बारसं, ‘नाव घ्या’ची वेळ आली की मी चहा टाकायला उठायचे. लोकांना वाटायचं मी कामसू आहे.

पण ‘तिच्या वाटचं नाव मी घेते’ हे त्या दारात बोलल्या आणि खरंच जन्मभर घेत राहिल्या, हे मला कंपनीच्या गाडीत बसल्यावर कळलं.

शेजारी भाभी राहते. तिचं शिलाईचं मशीन आहे आणि तिचे मिस्टर टेम्पो चालवतात, आमची शेवंती मार्केटला तेच नेतात. आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिच्यातही जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तरण्यापणी आम्ही दोघींनी एक सोय लावून ठेवली होती. रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात जायचं तर जोडीनं जायचं. ‘नवऱ्याचं नाव?’ विचारलं की माझ्या नवऱ्याचं ती सांगायची, तिच्या नवऱ्याचं मी. एकदा दवाखान्यात नवीन कंपाउंडर होता, त्यानं दोघींचे केसपेपर उलटसुलट करून ठेवले. घरी येऊन आम्ही पोट धरून हसलो होतो.

तिला मी सगळं सांगितलं. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “मी मारू का हाक? मला नाव पाठ हाय.”

“गाव काय म्हणंल?”

“गाव काय म्हणायचं ते म्हणंल, तुझा नवरा ओ दिल का न्हाई ते बोल.” मग हसली. “अगं, मी भांडण झालं की घेते की ह्यांचं नाव. रागात अल्ला बी माफ करतो. तू भांड.”

“ते भांडतच न्हाईत.”

“मग तुझं अवघड हाय,” ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

मी इतरही रस्ते शोधून पाहिले. वाटायचं, एखादं चांगलं गाणंच मिळालं तर माझी सुटका होईल. मुलानं भजनी मंडळ बोलवायचं काढलं. हे म्हणाले, “दारात टाळ वाजायला लागलं की लोकं इचारत येतील, कोण गेलं म्हणून.” मग मुलानं कामावरच्या कुणाकडून संस्कृतमधले आशीर्वाद मोबाईलवर आणले. आवाज गोड होता. हे डोळे मिटून ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, “सत्यनारायण घालायचा हाय का?” नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, “वहिनी, पाळणा म्हणू का? मला येतो.” मी ह्यांना सांगितलं. “आन् झोळीत कुणी बसायचं? मी?” म्हणाले, आणि त्या दिवशी मनापासून हसले.

ओवाळायचं तर होतंच. ओवाळायला गाणं लागत नाही आणि मोठ्या माणसाला ते शोभतं. मला ते सगळ्यांत आवडतं, कारण त्यात तोंड उघडावं लागत नाही. पण ओवाळण्यात हाकही नसते.

शेवटी सुनेनं मार्ग काढला. “आई, आता फोनमध्ये नाव टाकलं की त्या नावाचं वाढदिवसाचं गाणंच बनून येतं. मराठीत. पप्पांच्या नावाचं मी काढून ठेवते.” मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी भाकरी करताना दोन जास्त केल्या. म्हणजे नाव येणार, सगळ्यांसमोर येणार, आणि मला काही करावं लागणार नाही. पण ते हलकेपण संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. फोननं मारलेली हाक ती हाक का? असं काहीतरी मनात आलं आणि परत चुळबूळ सुरू झाली.

मग मी आपली तयारी करू लागले, उखाण्याची. शेवंतीचे शेंडे खुडताना शब्द जुळवायचे. शेंडा खुडला की झाड आडवं फुटतं, तसं माझं व्हायचं, एक ओळ खुडली की चार ओळी फुटायच्या आणि एकही नीट नसायची. श्रावण सरता सरता एक जमली.

‘बाजरीच्या कणसात भरला दाणा,
अमुकरावांचं नाव घेते, आता तरी ओ म्हणा.’

‘अमुकराव’ मी मनात म्हणायचे. मनातसुद्धा खरं नाव घेताना जीभ टाळूला चिकटायची.

बाजरी दाण्यात आली आणि पाखरांची राखण सुरू झाली. राखणीला ओरडावं लागतं. बाकीच्या बायका ‘हाऽ हाऽ’ करून रान उठवतात. मी लाजेनं पत्र्याचा डबा वाजवते. एका सकाळी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी डबा खाली ठेवला आणि ह्यांच्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्यांदा म्हटलं. चिमण्यांचा थवा भर्रकन उठला. मीही दचकले. मग दोन अक्षरं म्हटली. आणि बांधावरून भाभीचा आवाज आला, “म्होरलं बी म्हण की! पाखरं थांबल्यात ऐकायला!” मी डबा उचलला आणि असा बडवला, की त्याचा तळ निघाला.

कणसं खुडून झाली, अंगणात ढीग पडला आणि त्या रविवारी वाढदिवस ठरला. सकाळपासून माझ्या हातून काही धड होईना. मीठ दोनदा घातलं. ह्यांचा सदरा इस्त्री करताना बाही चुरगळली ती तशीच राहिली. हे विचारायला लागले, “काय गं, ताप-बिप हाय का?”

“न्हाई.”

“मग अशी का फिरतीस, मांजरानं पिल्लं हलवल्यावानी?”

नणंद शिरूरहून शाल घेऊन आली. भाभी आणि तिचे मिस्टर आले. मुलानं यवतहून केक आणला. ह्यांना पाटावर बसवून नणंदेनं ओवाळलं, मग मी ओवाळलं. ओवाळताना मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही, ज्योतीकडं बघितलं. ती सारखी हलत होती. वारा नव्हता.

मग सुनेनं फोन लावला. गाणं सुरू झालं, बाजा वगैरे सगळं, आणि एक बाई गोड आवाजात ह्यांचं नाव घ्यायला लागली. एकदा नाही, परत परत. नाव बरोबर होतं. एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. पण एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसं ते वाटत होतं. नात नाचायला लागली. हे थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग मुलाला म्हणाले, “ही बाई कोण रं?”

सगळे खो खो हसले. हेही हसले. तेच, कंपनीतलं हसू.

केक कापून झाल्यावर नणंद म्हणाली, “वहिनी, आता तुम्ही नाव घ्या. लग्नात घेतलं न्हाई, आता साठीला तरी घ्या.” मी चहाकडं जायला उठले तर तिनं माझा पदर धरला. “चहा न्हाई न् काय न्हाई. समद्यांचं पोट केकनं भरलंय.”

मी उभी राहिले. अंगणातली कणसं, चपला, सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. पहिली ओळ म्हटली. आवाज बारीक होता, पण आला. “बाजरीच्या कणसात भरला दाणा...”

आणि थांबले.

ह्यांच्या हातात केकची ताटली होती. चमचा तोंडाकडं जाता जाता थांबला होता. ते माझ्याकडं बघत नव्हते, ताटलीकडं बघत होते, पण मान थोडी कलती करून, एक कान माझ्याकडं. मी तोंड उघडलं. तोच उंबरा, त्याच हसणाऱ्या बायका, सगळं माझ्या तोंडासमोर येऊन उभं राहिलं. फक्त बाजूला व्हा म्हणणारी नव्हती.

नणंदेला दया आली. “ऱ्हाऊ द्या वहिनी. आईवानी मी घेऊ का तुमच्या वाटचं?”

“ऱ्हाऊ दे गं,” हे म्हणाले. “कशाला तिला उगं.” ताटली खाली ठेवली. “गाईला पाणी दावून येतो.”

गाईला मी मघाशीच पाणी पाजलं होतं, आणि ते त्यांनी बघितलं होतं. गोठ्यावरून ते तसेच पुढं वावरात गेले.

बोलणं परत सुरू झालं. कुणी माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हतं, ते जास्त लागलं. मी आत जाऊन चहा टाकला. नेहमीसारखा. आलं ठेचताना बोट ठेचलं. मला माझाच इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणीही येईना. चहाला उकळी आली, उतू जायला लागला तेव्हा सून म्हणाली, “आई, झालाय चहा. पप्पांना हाक मारा.”

ती सहज म्हणाली. रोजच म्हणते.

मी बाहेर आले, अंगण ओलांडलं, बांधावर गेले. हे वावराच्या पार पलीकडच्या कडेला पाठ करून उभे होते, कापलेल्या बाजरीच्या सडात. काही करत नव्हते. मी “अहो” म्हटलं. हायवेवरून गाड्या चालल्या होत्या. परत म्हटलं. पाठ हलली नाही. नवीन सदऱ्याची ती एक बाही चुरगळलेली, एवढ्या लांबूनही मला दिसली.

मी लिंबाखाली उभी होते. तिथंच का येऊन थांबले मला माहीत नाही. हात कमरेवर होता का, तेही आठवत नाही. भाभी म्हणते होता. मी तोंड उघडलं आणि नाव आलं. पूर्ण. शेवटचं अक्षर लांबवलेलं, सासूबाई लांबवायच्या तेवढंच, की त्याहून लांब. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

“ओऽऽऽ!”

ओ आधी आला, ते वळले नंतर. वळून त्यांनी बांधाकडं बघितलं, मग लिंबाकडं, मग माझ्याकडं. मी एकटीच होते. मागं अंगणातलं बोलणं बंद पडलं होतं. नातीचा तेवढा आवाज आला, “आजी कुणावर ओरडली?”

हे वावर तुडवत आले. घाईनं नाही, पण थांबतही नाही. पळून जावं असं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. जवळ आले तसं मी म्हटलं, “चहा झालाय.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एवढ्या मोठ्यांदा? मी काय बहिरा हाय?”

आणि माझ्या पुढं चालू लागले. अंगणात आल्यावर भाभी तिच्या मिस्टरांना म्हणाली, “बघितलं का? आता मी पण मारणार.” तिचे मिस्टर म्हणाले, “तू मारतीसच की.” ह्यांनी दोन कप चहा घेतला. एरवी बीपीमुळं अर्धाच घेतात.

मला वाटलं होतं एकदा घेतलं की मी मोकळी होईन. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शिंकले तरी माझ्या काळजात चर्र झालं. जिन्यावर पाय अडखळला, तेव्हाही. त्याच आठवड्यात मी काहीतरी निमित्त काढून त्यांना यवतच्या दवाखान्यात नेलं आणि बीपी मोजून घेतलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. भाभीला सांगितलं तर ती म्हणाली, “बघ, जित्ता हाय. आयुष्य कमी होत असतं तर माझा कवाच गेला असता.”

नाव इथंही मी लिहिलेलं नाही. कागदावर जागा आहे, बघणारं कुणी नाही, तरी हात त्या जागी थांबतो. बोलून झालं म्हणून लिहिता येतं असं नसतं बहुतेक.

पण काल चहाच्या वेळेला हे शेवंतीत होते. मी दारातून “अहो” म्हटलं. उत्तर नाही. गोठ्यापाशी जाऊन परत म्हटलं. कालवा करणारी एकही गाडी हायवेवर नव्हती, वारा माझ्याकडून त्यांच्याकडंच जात होता. ते वाकून फुलं बघत होते, आणि मान थोडी कलती, एक कान माझ्याकडं.

रस्त्यानं कुणी येतंय का ते मी बघितलं. भाभीची खिडकी उघडी होती. चहा निवत होता.

मी बांधावर गेले.